माशांची रांग

चाळीस वर्षं त्यांनी पासपोर्टचे फोटो काढले. दहा बाय बाराची खोली, भिंतीला पांढरा पडदा, समोर फिरतं स्टूल. गिऱ्हाईक बसलं की ठरलेली ओळ, "हनुवटी खाली... हलू नका!" गल्लीत त्यांचं नावच 'हलूनका काका' पडलं होतं.

त्यांची लेक समुद्रातल्या प्रवाळांचा अभ्यास करायची. तिचा फोटोग्राफर काम सोडून गेला, तेव्हा तिने वडिलांनाच गळ घातली. काका तीन महिने पोहण्याच्या तलावात डुबक्या मारून तयार झाले.

होडीत तिने पुन्हा बजावलं. "तळाशी ताणलेल्या दोरीच्या कडेने जायचं, हातभर अंतरावर एकेक फोटो. आणि कशालाही हात लावायचा नाही."

"अगं, रडक्या पोरांचे फोटो काढलेत मी. दगडांचं काय एवढं?"

"दगड नाहीत ते, बाबा. जिवंत आहेत."

"बरं बाई, जिवंत."

पाच मीटर खाली ऊन पाझरत होतं. लेक पुढे नोंदी घेत होती. एकवीस फोटो झाले आणि काका थबकले. प्रवाळाच्या उंचवट्यापाशी चार-पाच जातींचे मासे एकामागे एक, जागच्या जागी तरंगत होते. सगळ्यांत पुढे हाताएवढा ठिपकेदार मासा. त्याने जबडा वासला. आत दातच दात. बोटभर निळा मासा सरळ त्या जबड्यात शिरला.

काकांना वाटलं, गेला बिचारा!

पण तो दातांतली घाण टिपत फिरला आणि कल्ल्यातून आरामात बाहेर आला. मोठा निघून गेला, मागचा पुढे सरकला. ना ढकलाढकली, ना आरडाओरडा. काकांचं बोट बटणावरच राहिलं.

तेवढ्यात कपारीतून एक लाल-पांढरी कोळंबी मिशा हलवत डोकावली. काकांनी नकळत मोकळा हात जवळ नेऊन स्थिर धरला. ती आपणहून बोटावर चढली आणि नखाजवळची सुकलेली कातडी टिपू लागली. स्पर्श इतका हलका, की जणू कुणाच्या पापण्या टेकाव्यात. मास्कच्या आत काकांचे डोळे भरून आले.

वर आल्यावर लेकीने कॅमेरा पाहिला. "एकवीसच? बाकीचे?"

"राहिले." ते पाण्याकडे वळले. मग म्हणाले, "त्या मोठ्या माशाला कोण सांगतं गं, दात साफ करणाऱ्या छोट्याला खाऊ नको म्हणून?"

"त्यातलं बरंचसं अजून नीट कळलेलं नाही, बाबा."

"तुलासुद्धा?"

"मलासुद्धा."

का कोण जाणे, काकांना याचा फार आनंद झाला.

दुपारी हवेच्या टाक्या बदलून दोघं पुन्हा उतरली. बाविसाव्या फोटोपासून काकांनी काम चोख केलं. फक्त त्या उंचवट्यापाशी आल्यावर ते अगदी हळू, अंग चोरून सरकले, घरात कुणी गाढ झोपलेलं असावं तसे.