जावयाचे चार बेस

सासरच्या मांडवात जावयाला खुर्ची मिळते, टॉवेल-टोपी मिळते, नारळ मिळतो. मुकेशला हे सगळं मिळालं होतं. फक्त खुर्ची साउंडच्या मिक्सरच्या मागं होती.

मुरबाडच्या आतल्या अंगाला, जिथं रस्ता भेंडीच्या वावरांत शिरून पायवाटेएवढा होतो, त्या वाडीत त्याच्या मेव्हण्याची, भाविकची, हळद होती. घरचा जावई साउंडवाला असताना बाहेरचा साउंड आणला असता तर गाव बोललं असतं, आणि गाव काय बोलेल याचा हिशेब सासू-सासऱ्यांनी साखरपुड्यातच करून ठेवला होता.

शहापूरजवळच्या गोदामातली पाच वर्षांची नोकरी सोडून मुकेशनं हे चार बेस, ठोक्याचे मोठे स्पीकर, उभे केले होते. पेट्या स्वतः ठोकल्या, स्पीकर एकेक करून बसवला. तेव्हापासून सासरे चांगोबाबा भेटले की "जेवलास काय" म्हणावं तितक्या सहज विचारत, "गोदामात परत घेतात काय रे?" आज चारांतला एक जरी बेस या मांडवात जळाला, तर त्यांना तोंड द्यायला मुकेशपाशी काही उरणार नव्हतं. नोकरी सोडून काय केलं, याचं उत्तर त्या चार पेट्या होत्या.

म्हणून तो जपत होता. मशीनमध्ये, म्हणजे अॅम्प्लिफायरमध्ये, लिमिटर लावला होता. आवाज ठरल्या रेघेपर्यंत गेला की लिमिटर त्याला तिथंच धरून ठेवी, पुढं पाऊल टाकू देत नसे. लोकांना मात्र पुढचंच पाऊल हवं असतं.

साडेतीनला नवऱ्याचे मामा आले. दामूमामा म्हसा गावच्या जत्रेत बैल पारखण्यासाठी प्रसिद्ध. खांद्यावर थाप मारून बैलाचं वय सांगत. तशीच थाप त्यांनी पहिल्या पेटीवर मारली.

"पावनं, बेस झोपलाय ना?"

"चालू हाय मामा."

"छातीत लागत नाय. मागच्या महिन्यात पोटगावला डीजे होता, त्याच्यापुढं म्हस उभी राहात नव्हती."

"म्हशीला कोणी बोलावलेलं?" मुकेशची बायको वंदना हळदीचं ताट घेऊन जाताजाता बोलली.

"तू गप गो. करवलीनं नटावं, साउंडमदी बोलू नये."

मुकेशनं शेवटच्या रांगेतलं एक बटण सावकाश फिरवलं. त्या बटणाला वायर नव्हती. प्रत्येक लग्नात दोन मामा आणि एक माजी सरपंच असतातच. ते बटण त्यांच्यासाठी होतं. मामांनी डोळे मिटून ऐकलं, मान हलवली. "आता कसा," म्हणाले आणि नाचायला गेले.

मुकेश हसला नाही. त्याची नजर रॅकवरच्या व्होल्ट दाखवणाऱ्या आकड्यावर होती. दोनशे सव्वीस. त्यानं आठवडाभर आधी निरोप धाडला होता, जनरेटर ठेवा. सासरहून उत्तर आलं, जनरेटर कशाला, डीपी आपल्या बांधालाच हाय. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, होता खरा, पण घरांबरोबर शेतीचे पंपही त्याच्यावरच होते. आणि त्या आठवड्यात पंपांची थ्री-फेज लाईट चारला येत होती. हे वाडीतल्या प्रत्येकाला पाठ होतं, म्हणूनच कोणी मुकेशला सांगितलं नव्हतं.

चारला वावरांत एकदम घरघर उठली. लाईट आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून प्रत्येकानं स्टार्टरला ऑटो स्विच बसवलेला. बारा पंप एका दमात उठले. आकडा दोनशे सहावर आला. मग एकशे अठ्ठ्याऐंशी. मग एकशे एकाहत्तर.

बेसचा ठोका बदलला. गोल होता, तो फाटका झाला, कुत्रा भुंकावा तसा. मशीनवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला आणि लागूनच राहिला. लिमिटर भरल्या व्होल्टवर बेतलेला. इथं मशीनचाच दम त्याच्या रेघेच्या अलीकडं संपत होता. फाटलेला आवाज सरळ स्पीकरच्या कॉइलमध्ये जात होता, आणि कॉइल नुसती तापत होती.

त्यानं बेस अर्ध्यावर आणला. मांडवातून लगेच हाका आल्या. "दाजी, वाढव." भाविक मामांच्या खांद्यावर होता, पिवळा, घामानं ओघळलेला. मामांनी एक हात वर करून बोट आभाळाकडं फिरवलं. मुकेशनं बिनवायरीचं बटण फिरवलं. मामांनी पुन्हा बोट फिरवलं. बैल पारखणारा माणूस एकदाच फसतो.

तेवढ्यात वास आला. कॉइलच्या गरम वार्निशचा, किंचित गोडसर. हळद, घाम, रश्श्याचं वाटण, या सगळ्यातून तो वास मुकेशच्या नाकानं वेगळा काढला. आणखी दोन मिनिटं वाजलं तर धूर.

त्यानं बेस पूर्ण बंद केला.

उरलेला आवाज पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसा वाजला. नाचणारे पाय जागच्या जागी थांबले. मामांनी भाविकला खाली उतरवलं आणि सरळ मिक्सरकडं आले. मागोमाग अर्धा मांडव.

"बंद का केला?"

"पंप बंद करा, मग चालू करतो."

"भेंडीला पाण्याची पाळी हाय आज. उद्या तोडा हाय."

"मग बेस नाय."

सासरच्या मांडवात जावयानं मामांना "नाय" म्हटलं होतं. वंदनानं ताट खाली ठेवलं.

"माझ्या भाच्याची हळद हाय," मामा हळू आवाजात म्हणाले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "लाव."

मामांचा हात मिक्सरकडं गेला. मुकेशनं माइक उचलला आणि मांडवाच्या कडेला बसलेल्या कमळाबाईंच्या हातात दिला. कमळाबाई वाडीची धवलारीण. लग्नाचे धवले, म्हणजे विधींची गाणी, त्या म्हणणार, तेव्हाच विधी पुढं सरकणार. हळद लावून झाल्यापासून त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"आजी, धवला घ्या."

"आता आठवलो काय आमी?" म्हातारी म्हणाली, माइक मात्र घट्ट धरला. तिनं सूर लावला आणि बायकांनी मागं ओढला. त्या आवाजाला बेस लागत नव्हता. धवला सुरू असताना धवलारणीला थांबवायचं धाडस मामांतही नव्हतं. ते हात मागं घेऊन उभे राहिले, पण हलले नाहीत.

मुकेश पेट्यांपाशी बसला. जाळी काढून दोन्ही तळहातांनी पहिल्या स्पीकरचा कागदी कोन अलगद आत दाबला. आतून खरखर आली तर कॉइल गेली. पण गाण्यात काही ऐकू येईना. त्यानं कान लावला. पहिला गुळगुळीत. दुसरा गुळगुळीत. तिसऱ्याला हात लावला तर मध्यभाग तव्यासारखा तापलेला.

"काय बघतोस?" चांगोबाबा शेजारी उकिडवे बसले होते.

"घासतंय का ते."

म्हाताऱ्यानं कान लावला. मुकेशनं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. चांगोबाबांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"नाय घासत. पन वास मारतो."

"आणि एकदा तसंच वाजलं तर जाईल, बाबा."

चांगोबाबा गुडघ्यावर हात टेकून उठले, मांडवाबाहेर पडले आणि बांधावरून आपल्या पंपाकडं चालू लागले. सगळ्यांनी पाहिलं. नवऱ्याच्या बापानं स्वतःचाच पंप बंद केल्यावर बाकीच्यांना बसून राहणं अवघड झालं. एक उठला, दुसरा उठला. दामूमामा शेवटचे गेले, बडबडत.

आकडा वर सरकू लागला. एकशे ब्याऐंशी. दोनशे चार. दोनशे एकोणीसवर थांबला. धवला संपेपर्यंत मुकेशनं चौथी पेटी तपासली आणि तिसरीला गार व्हायला वेळ दिला. मग बेस मुंगीच्या पावलानं वर आणला. तिसऱ्यानं पहिला ठोका दिला, गोल. दुसराही गोल.

मांडव पुन्हा हलला. मामा वावरातून परतले, पायाला चिखल, आणि आल्या आल्या त्यांनी बोट आभाळाकडं फिरवलं.

मुकेश बोलणार, त्याआधी पेटीला पाठ लावून बसलेल्या चांगोबाबांनी मान वर केली.

"एवढाच, दामू," ते म्हणाले. "मशीन जावयाचं हाय."