आक्काबाईची चंदनउटी

चैत्रात उन्हं तापली की विठोबाच्या अंगाला चंदनाची उटी लावतात, देवालाही गारवा हवा म्हणून. पिंपळनेरच्या एका लहानशा देवळात या उटीचा मान दरवर्षी पाळीपाळीने एका बाईला मिळायचा. आक्काबाईचं ते माहेर. तिची पाळी यायला अकरा वर्षं लागली. सत्याऐंशी साली पाळी आली, तेव्हा आमच्या धरणगावात, म्हणजे सासरी, तिने चार दिवस सहाणेवर खोड उगाळलं आणि पितळी डबा भरला. कपाळापासून पावलांपर्यंत पुरेल इतकी उटी. पाच वाजता ती लावायची आणि मग भाईदासबुवांचं कीर्तन.

बुवांच्या मागे टाळ धरायला मी होतो, मृदंगावर उखर्डू. गाडी लोटनची. जुनी जीप, पण लोटन तिला म्हशीसारखं जपायचा. आक्काबाईला गाडी लागते, म्हणून ती मागच्या फळीजवळ वाऱ्याला बसलेली. डबा मांडीवर, त्यावर ओलं फडकं.

साक्री मागे पडली आणि एका उतारावर लोटन बोलायचा थांबला. आधी तो उखर्डूच्या मिशीची थट्टा करत होता.

"काय झालं रे?" बुवांनी विचारलं.

"ब्रेक खाली जातोय, बुवा. घाबरू नका, नीट धरून बसा."

त्याने पाय भराभरा दाबून पाहिला, गिअर एकेक करत खाली आणला, दिवे लावले. मागून येणाऱ्या ट्रकला हात दाखवून पुढे जाऊ दिलं. इंजिन घुरघुरत गाडीला आवरत होतं. उतार संपला, समोर चढ आला. चढावर वेग आपोआप मेला, तशी त्याने गाडी डाव्या कडेला मातीत घेतली आणि हातब्रेकचा दांडा ओढला. ओढला खरा, पण त्याचे दाते झिजलेले. दांडा सोडला की गाडी मागे सरकणार. त्याच हाताने गिअर टाकायचा तर दांडा सोडावा लागणार. दोन्हीला हात एकच. तो अहिराणीत ओरडला,

"बठ्ठा उतरा, सगळे उतरा! आक्का, तुम्ही मांगे शेतस ना? चाकले उटी लावा, लवकर!"

आता गाडीवाल्यांच्या बोलीत उटी म्हणजे चाक घसरू नये म्हणून त्याच्यामागे सारायचा दगड. हे मला ठाऊक, उखर्डूला ठाऊक. पण आम्ही दोघं बुवांना आणि मृदंगाला उतरवण्यात गुंतलेलो. आक्काबाई पहिली उतरली होती.

"लागनी का, आक्का?" लोटनने आतून विचारलं.

"लागनी ना भाऊ! चांगली जाड लावी शे!"

त्या भरवशावर लोटनने दांडा सोडला. जीप वीतभर मागे आली. मी धावलो, आक्काबाईला दंडाला धरून बाजूला ओढलं. लोटनने दांडा पुन्हा खेचला आणि उखर्डूने कडेचा मोठा धोंडा चाकामागे लोटला. मग दुसऱ्या चाकामागे दुसरा. लोटनने गिअर टाकला, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून आला.

मागच्या टायरवर चारही बोटांनी थापलेलं पिवळसर चंदन. वर कुंकवाचं बोट.

"काय करं आक्का तुम्ही हाई?"

"तूच बोलला ना, उटी लाव म्हणून! मी म्हटलं, गाडी रुसली असेल. देव थोडं कमी घेईल."

उखर्डू रस्त्यातच बसून हसला. बुवाही हसले. लोटन मात्र हसला नाही. तिचे हात धरून तो म्हणाला, "चाकामांगे कधी वाकायचं नाही, आक्का. कोणी सांगितलं तरी नाही. दगडसुद्धा बाजूने सारायचा."

तेव्हा कुठे तिला समजलं की त्याची उटी म्हणजे दगड. तिने डब्यात पाहिलं. अर्धा रिकामा होता.

लोटनने झाडाच्या हिरव्या फांद्या तोडून मागे तीस-चाळीस पावलांवर रस्त्याच्या कडेला टाकल्या, येणाऱ्याला लांबून कळावं म्हणून. मग चाकाखाली डोकावला. आतून तेल ठिबकत होतं. ब्रेकची नळी फुटली होती.

"गाडी इथून हलणार नाही."

"हळूहळू चाल ना भाऊ," आक्काबाई म्हणाली. "देव शे ना आपला संगे."

"देव शे, आक्का. पन ब्रेकमा तेल नही."

तिने बुवांकडे पाहिलं. बुवा इतकंच म्हणाले, "गाडीत बुवा लोटन आहे. मी श्रोता."

पाऊण तासाने एसटी आली. आम्ही हात दाखवला. लोटन गाडीपाशी थांबला.

देवळात पोचलो तेव्हा साडेपाच झालेले. पुजारी डबा पाहून थबकला. "अपुरी उटी लावत नाहीत, आक्का. लावायची तर सगळ्या अंगाला."

आक्काबाईला सहज सांगता आलं असतं की वाटेत सांडली. ती म्हणाली, "निम्मी मी जीपच्या चाकाला लावली. चूक माझी. माझा मान दुसरीला द्या."

सभामंडपात एकदम हसू उसळलं आणि तितक्याच पटकन थांबलं, कारण तिचे डोळे भरले होते. पुढच्या वर्षी जिची पाळी होती ती सुगंधाबाई उठली. "मान कसा देतेस? अकरा वर्षं काय उगाच बसलीस? घरोघरच्या सहाणा आणा गं! माझ्याकडे खोडं आहेत." आणि पुजाऱ्याला म्हणाली, "देवाला घाई आहे का महाराज? तुम्हालाच असेल."

पुजारी बाजूला झाला. बुवांनी उटीच्या आधीच कीर्तन उभं केलं. एकीकडे मृदंग, दुसरीकडे दहा-बारा सहाणांवर बायकांचं उगाळणं. मी आयुष्यात पुष्कळ कीर्तनं ऐकली, पण चंदनाच्या वासात भिजलेलं असं एकच. बुवांनी त्या दिवशी आख्यान लांबवलं नाही, घाईही केली नाही. सहाणांवरचे हात थांबले तिथे ते थांबले.

दिवेलागणीला डबा भरला. आक्काबाईने कपाळापासून सुरुवात केली, छाती, हात, कटी, आणि शेवटी पावलं. कुठे अंग कोरं राहिलं नाही.

आरती संपत आली तेव्हा लोटन दारात दिसला. ट्रॅक्टरने जीप ओढून साक्रीला गॅरेजात सोडली होती, नळी सकाळी मिळणार होती. हात काळे म्हणून तो आत येईना.

आक्काबाई प्रसादाचं ताट सोडून उठली, तांब्या घेऊन बाहेर गेली आणि त्याच्या हातांवर पाणी ओतू लागली.

"जेवलास का रे?"

"कुठून?"

"मग नीट चोळ. कोपरापर्यंत."