एकही चूक काढायची नाही

"मावशी, आज तो जेवायला येतोय. त्याच्या इंग्रजीतली एक जरी चूक काढलीस ना, तर बघ!" भाचीने सकाळीच मला दम भरला.

मी छापखान्यात इंग्रजी मुद्रितं तपासते. दिवसभर चुका शोधायच्या आणि घरी येऊन कानांवर हात ठेवायचे, हे मला जमत नाही. कुणी 'डिस्कस अबाउट' म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. भाचीला बघायला आलेला आधीचा मुलगा याच पायी सूप अर्धवट टाकून पळाला होता. गेला ते बरंच झालं म्हणा! पण हा तिने स्वतः निवडलेला, आणि माझी बहीण गेल्यापासून पोरीला मोठं माणूस म्हणून मीच. माझ्यामुळे हाही पळाला असता तर मला कुणी माफ केलं नसतं, मी तर नाहीच. म्हणून तोंडाला कुलूप लावायचं कबूल केलं.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. लाजरा, हसरा, नखांच्या कडेला धुऊनही न गेलेलं ग्रीस. मला बघताक्षणी आवडला. टेबलाशी बसला आणि म्हणाला, "मावशी, ट्रॅफिकमध्ये मी लिटरली मेलो!"

जिवंत माणूस समोर बसून सूप पीत होता. मी पाणी प्यायले.

"माझ्या कझिन ब्रदरने सोडलं. तो लगेच रिटर्न बॅक गेला."

मी बटाट्यात काटा खुपसला आणि हसले. हसले म्हणजे दात दाखवले.

त्याचं तोंड का उतरलं ते मला कळेना. मग त्याने सपाटाच लावला. आमच्यापेक्षा तुमचं घर मोअर बेटर आहे. जेवण तर मोस्ट बेस्ट आहे. दर वाक्यानंतर माझ्याकडे आशेने बघायचा. मला घाम फुटला, तरी मी हूं की चूं केलं नाही.

शेवटी त्याने चमचा खाली ठेवला. "मावशी, मी पसंत नाही ना तुम्हाला?"

"असं कोण म्हणालं?"

"हीच म्हणाली होती. मावशीने चूक काढली की समज, तिने तुला आपला मानला. तुम्ही तर एकही काढली नाहीत."

मी भाचीकडे बघितलं. ती ताटात तोंड खुपसून बसली होती. "तू खरंच गप्प बसशील असं वाटलं नव्हतं गं," ती पुटपुटली. "तू बोललीसच, तर तो घाबरू नये म्हणून..."

म्हणजे बाईसाहेबांनी दोन्हीकडून कुंपण घातलं होतं, आणि हा बिचारा मधे अडकला होता. मला हसू आलं आणि भरूनही आलं. माझी किरकिर ऐकायला मिळावी म्हणून आजवर कुणी इतकं धडपडलं नव्हतं.

"सरळ बस," मी म्हटलं. "मोअर बेटर नाही, नुसतं बेटर. आणि मोस्ट बेस्ट पुन्हा म्हणालास तर उपाशी उठवीन."

त्याचा चेहरा उजळला. "ते मुद्दाम होतं, मावशी!"

"आणि कझिन ब्रदर?"

"त्यात काय चुकलं?"

भाचीने कपाळावर हात मारला. मी त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढला.

"रोज जेवायला येत जा," मी म्हटलं. "हे एका दिवसात व्हायचं नाही."