हॅरियटबाईंनी केलेलं कौतुक

मित्रांनो, ही २०२२ सालची गोष्ट. मी एक म्हातारी, दात पडलेली शेळी आहे. ओमानमधल्या इब्रा गावाबाहेर, अर्बाब सालेम यांच्या खजुरांच्या बागेत मी जन्मले. अर्बाब म्हणजे मालक. माझी देखभाल राजापूरचा बबन करी. त्या हिवाळ्यात मला दोन करडं झाली, एक पांढरं, एक काळं. "जुळी झाली गो बाय तुका!" म्हणत बबनने मला खजूर भरवला.

एका सकाळी मस्कतहून अमेरिकेच्या राजनैतिक अधिकारी हॅरियटबाई आल्या. सोबत दुभाषी निदा आणि गाड्यांचे ड्रायव्हर. अर्बाबांच्या शब्दाला सरकारदरबारी वजन होतं. त्यांचं मन जिंकणं हेच बाईंचं काम. म्हणून त्यांनी घराचं कौतुक केलं, झाडांचं केलं, मग माझं पांढरं करडू उचलून म्हणाल्या, "किती गोड! इतकं देखणं करडू मी कधी पाहिलं नाही."

निदाने ते जसंच्या तसं सांगितलं. अर्बाब खूश झाले. पाहुण्याच्या मनात भरलं ते पाहुण्याचं, ही त्यांची रीत.

"बबन, हेच काप. यल्ला, चल लवकर!"

"अर्बाब, अजून दूध पितंय. तो मोठा बोकड आहे की..."

"पाहुणीला जून मटण वाढू? खलास, विषय संपला!"

बबनने त्याला माझ्या आचळापासून ओढून नेलं. मी कुंपणावर शिंगं आपटत राहिले. कुणी वळूनही पाहिलं नाही.

दुपारी झाडाखाली चटई पसरली, भाताचं मोठं ताट आलं. जेवता जेवता बाईंनी विचारलं, "ते पांढरं पिल्लू कुठे गेलं?"

निदा हळूच म्हणाली, "मॅडम, तुमच्या हातात आहे."

बाईंचा चेहरा उतरला. पण समोर अर्बाब टक लावून बघत होते. घास टाकला तर जुळत आलेली मैत्री गेली. बाईंनी तो गिळला आणि हसून म्हणाल्या, "फारच चविष्ट!"

अर्बाबांची छाती फुगली. "आवडलं? बबन, काळंही घे. यांच्या ड्रायव्हर लोकांनाही मिळू दे!"

निदाने तेही सांगितलं. बाई काहीच बोलल्या नाहीत.

पुढे त्यांना बढती मिळाली. आता त्या दुसऱ्या देशात मोठ्या पदावर आहेत. निदाने नोकरी सोडली, ती निझव्यात मुलांना शिकवते. बबन सलालाहच्या नारळबागेत गेला. जनावरांचं काम नको म्हणाला. अर्बाब अजून अभिमानाने सांगतात, "अमेरिकेच्या बाईंना माझी दोन्ही करडं आवडली." आणि माझं दूध काही दिवस नुसतंच गळत राहिलं, मग आटलं.

मित्रांनो, आपला गोड शब्द कुणाच्या मानेवर पडतोय, ते बघत जा. आणि पडलाच, तर हसू नका. बोला.