चिमटीतला दाणा

अलकाताईंच्या स्वयंपाकघरात वालांना छान मोड आले होते आणि नेमकं त्याच रविवारी मकरंदने सगळ्यांना बाहेर न्यायचं ठरवलं.

"आई, आज तुला सुट्टी! कोरमंगलात एक हॉटेल आहे, सगळं आसपासच्या शेतांतून आणतात. नाश्ता आणि जेवण एकदमच उरकू."

"चला की," अलकाताई हसून म्हणाल्या. पण त्यांचा जीव फडक्यात बांधलेल्या वालांत अडकला होता. आजच सोलायला हवे होते, नाहीतर उद्या वास यायला लागला असता. सोलणार कोण? त्यांचा अंगठा हल्ली वाकायला कुरकुर करायचा. सकाळी नातवंडांना हाक मारली, तर केतकीने पुस्तकातून मान वर न करता "आजी, बोअर होतं गं" म्हटलं आणि सहा वर्षांचा ईशान बाल्कनीत पसार झाला. आता यापुढे डाळिंब्यांची उसळ बंदच, असं त्यांनी मनाशी जवळजवळ ठरवून टाकलं होतं.

हॉटेलबाहेर ही गर्दी! दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेलं : पालक होसकोट्याचा, अवरे देवनहळ्ळीचे.

"तासभर तरी लागेल," दाराशी नाव नोंदवून परत आलेली अमृता सासूबाईंना म्हणाली.

बाकांच्या मधोमध पाण्याने भरलेली पातेली ठेवली होती आणि त्यांत टपोरे हिरवे दाणे. मालकीण हेमलता सगळ्यांना हिंदीत समजावत होती : हे अवरे रात्रभर भिजवलेत, वाट बघून कंटाळलेल्यांनी सोलायला हात लावावा, त्यांचाच रस्सा त्यांच्या पानात पडेल.

"अगंबाई, हे तर आपल्या वालांचे चुलतभाऊ!" अलकाताई पुढे सरसावल्या.

ईशानने दाणा उचलला आणि त्याचा पार चेंदामेंदा केला. "आजी, हा मेला!"

"मरेल नाहीतर काय! गळा आवळलास त्याचा. दोन बोटांत धर. आता बुडाकडून हळूच दाब. त्याला बाहेर यायचंच असतं, आपण फक्त वाट दाखवायची."

ईशानने जीभ बाहेर काढून दाबलं. सट्! दाणा सालातून सुटला तो थेट मकरंदच्या चष्म्यावर.

"गोल!" ईशान ओरडला. शेजारच्या बाकावरचे आजोबाही खदाखदा हसले.

"दे इकडे, तुला नेम नाही," म्हणत केतकीने पुस्तक मिटलं. तिचे पहिले काही दाणे फुटले. अलकाताईंनी घाई केली नाही, नुसतं तिचं बोट अलगद मागे सरकवलं. मग जमलं. पुढे तर दोघांची अशी चढाओढ लागली, की आत बोलावलं तेव्हा ईशान उठेचना.

"पातेलं संपू दे ना, बाबा!"

हेमलता ते भांडं उचलत म्हणाली, "सूपर, अज्जी! शाळाच काढा इथे."

पानात गरम अक्की रोटी आली, तांदळाची, कडा कुरकुरीत. सोबत अवऱ्यांचा दाट रस्सा. एरवी उसळीतले दाणे ताटाच्या कडेला रांगेने लावणारा ईशान वाटीत बोट बुडवून म्हणाला, "हा मी सोललेला. हासुद्धा. ताई, तो माझा आहे, खाऊ नकोस!"

"नाव लिहिलंय का त्याच्यावर?" केतकीने तो गट्टम केला.

अलकाताईंनी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. परतताना गाडीत त्यांना घरचे वाल आठवले. विचारावं की नको? तेवढ्यात ईशान शेजारून त्यांच्या खांद्याला लटकला.

"आजी, घरी फडक्यात आहेत ना, ते मी सोलणार."

"मी पण," केतकी म्हणाली. "आणि बाबासुद्धा. बाबा, तुला येतं?"

"त्याला?" अलकाताई खळखळून हसल्या. "तुझ्याएवढा होता तेव्हा पातेलं दिसलं की हा थेट शेजारच्यांच्या घरी!"

मकरंदने आरशातून आईकडे पाहिलं. "आज शेजारी घरी नाहीत गं."

"मग बस माझ्यासमोर," त्या म्हणाल्या. "चष्मा काढून ठेव फक्त."