चषकात बसलेली कवळी

मी एक जुनी कवळी आहे, मित्रांनो. पुरती नव्हे, वरच्या चारच दातांची. नाक मुरडू नका. तुमच्या शाळेच्या कपाटातल्या कुठल्याही ढालीपेक्षा माझा पराक्रम मोठा आहे.

उत्तर अमेरिकेतल्या सुपीरिअर सरोवराकाठच्या आमच्या गावात रुडी कांगास बर्फावरची हॉकी खेळायचा. मोठ्या संघांचं बोलावणं त्याला कधी आलंच नाही. उन्हाळ्यात लाकडाच्या गिरणीत राबायचं आणि हिवाळ्यात बसने गावोगाव जाऊन खेळायचं, मार खायचा. सतराव्या वर्षी काठीच्या एका तडाख्यात त्याचे खरे दात गेले आणि माझा जन्म झाला. त्याची आई, नाव आइली, त्या दिवशी जी उठून गेली, ती पुन्हा सामन्याला फिरकली नाही. "पोराच्या तोंडाचं बोळकं करणारा खेळ मी बघणार नाही," म्हणाली.

सामन्याआधी मला काढून कागदी कपात ठेवायची रीत होती. संघाचं सामान सांभाळणारे बक सगळ्यांच्या कवळ्या ओळीने मांडायचे. बाहेरचा जल्लोष मी कपातूनच ऐकला. खरं सांगते, फार वाईट वाटायचं.

रुडी खेळ सोडणार होता, तेव्हाच संघ अंतिम सामन्यात पोचला. चषक गावाने कधी पाहिला नव्हता. आणि पोराचा शेवटचा सामना म्हणून आई येणार होती! जाता जाता एकदा तिच्यादेखत जिंकायचं, एवढंच त्याला हवं होतं.

"दात टाक इकडे," बकनी कप पुढे केला.

"आज नाही, बककाका. आईला हसून दाखवायचंय."

"अरे येड्या, गिळशील!"

"गिळले तर आतून चावतील. चला!"

बरोबरी काही सुटेना. शेवटी रुडी त्यांच्या गोलरक्षकाच्या नाकासमोर ठाण मांडून उभा राहिला, त्याला चकती दिसू नये म्हणून; आमच्या खेळात चेंडूऐवजी रबराची टणक चकती असते. समोरचे ढकलत होते, हा हलेना. तेवढ्यात जोडीदाराने लांबून चकती हाणली. ती सणसणत आली, थेट माझ्यावर आदळली आणि वळून जाळ्यात शिरली. अंगाला लागून गेलेली चकती आमच्या खेळात चालते. पंचांनी गोलकडे हात केला आणि पाठोपाठ वेळ संपली. आम्ही जिंकलो!

आइली धावत कडेच्या काचेपाशी आली. "रुडी! मेल्या, दात कुठायत?"

"गोलमध्ये, आई!"

रागवायला उघडलेलं तिचं तोंड हसतच सुटलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझे दोन दात उडाले होते. दोन्ही संघ बर्फावर रांगत ते शोधू लागले. "माझ्याच जाळ्यात होते की!" हरलेल्या गोलरक्षकाने ते आणून दिले.

बकनी मला उचलून चषकात ठेवलं. "कागदी कपात पुष्कळ दिवस काढलेस. आता इथे बस."

आता मी, ते दोन दात पुन्हा जोडून घेतलेली, रुडीच्या घरी खिडकीतल्या पेल्यात असते. रुडी गावातल्या मुलांना शिकवतो आणि मला दाखवून दटावतो, "तोंडावर जाळी लावल्याशिवाय बर्फावर पाय ठेवायचा नाही!"

मित्रांनो, तुम्हीही आपले दात जपा; माझी गरज कुणाला पडू नये. पण आपलं माणूस तुमचा खेळ बघायला आलं, तर दात असोत की नसोत, तोंडभर हसा.