पांढरी आयाळ

"अक्का, तुमच्यासारखाच घेतला बघा!"

हेडफोनमधून अभिराजचा आवाज आला आणि बंगळूरच्या राजाजीनगरमधल्या घरात वीणाचा हात माऊसवर थबकला. गेममधल्या किल्ल्याच्या दारात त्याचा घोडा उभा होता. काळाभोर, पांढऱ्या आयाळीचा. हुबेहूब तिचा.

वीणा मूळची निपाणीची, बंगळूरच्याच शिवाजीनगरमधल्या एका दवाखान्यात नर्स. स्वयंपाक उरकला की ती दरमहा वर्गणी भरून खेळायच्या या ऑनलाइन गेममध्ये रमे. बंगळूरच्या मराठी खेळाडूंची टोळी तीच चालवायची. त्या घोड्यासाठी अख्खा हिवाळा ती एकाच राक्षसाशी झुंजली होती. हरायची, पुन्हा जायची. घोडा मिळाला तेव्हा सगळी टोळी तिच्याभोवती नाचली होती. दवाखान्यात तिच्यासाठी कधी कुणी टाळीही वाजवली नव्हती.

आता गेमवाल्यांनी तोच घोडा गेममधल्या दुकानात खऱ्या पैशांना विकायला ठेवला होता. आणि टोळी नाचत होती अभिराजभोवती.

"आजच्या मोहिमेत तुला जागा नाही," ती म्हणाली.

"का? मी काय केलं?"

"विकत घेतलास नव्हं? मग दुकानातच हिंड जा."

अभिराजने आपला घोडा तिच्यापुढे आणून उभा केला.

"अक्का, त्याने पॉवर वाढत नाही. फक्त लुक्स आहेत."

"दिसायलाच तर मिळवला होता की रे मी! वर्गणी भरतोयच की सगळे. वर आणि हे दुकान कशाला?"

अभिराज म्हणाला, "पुण्याहून नवीन आलो होतो. महादेवपुऱ्यात रूमवर एकटाच. पहिल्या दिवशी लॉगिन केलं, तर तुम्ही त्या घोड्यावर मला मागे बसवून सगळा मॅप दाखवलात. तेव्हापासून हाच हवा होता. तुमच्याइतकं लढायला ऑफिस सोडतंय कुठे?"

वीणाला राग धरायला कारण उरलं नाही. जळफळाट मात्र जागचा हलला नाही.

"सरी, ठीक आहे, ये," ती अखेर म्हणाली.

दोघे शेजारी शेजारी निघाले. वेशीपाशी एका अनोळखी खेळाडूने विचारलं, "मस्त घोडे! कुठे मिळाले?"

अभिराजने घोडा जागीच थांबवला. तिच्या उत्तरासाठी थांबला असावा.

वीणाने 'राक्षसाला हरवून' एवढं लिहून खोडलं. मग तिने लिहिलं, "दुकानात मिळतात," आणि घोडा पुढे काढला.